दोन्हीकडून

दिशाने वहीत चार चौकटी आखून काकासमोर धरल्या. बारावीला सायन्स घेतलेली घरातली ही पहिलीच पोर.

"वरून दिसतं तेवढंच आत नसतं, काका. तुमचे नि काकीचे डोळे काळे असले तरी घारेपणाचं जनुक आत दडलेलं असू शकतं. बाळाला ते दोघांकडून मिळालं, की डोळे घारे."

"रुचिकाची आय घारी हाय," बाळाराम म्हणाला.

"मग काकीकडून आलं. पण दोन्हीकडून यावं लागतं हां."

बाळारामने भिंतीकडे पाहिलं. तो पोटात असतानाच खाडीत बुडालेला बाप, केसरीनाथ, हाताने रंगवलेल्या जुन्या फोटोतून काळ्याभोर डोळ्यांनी पाहत होता. आई पुतळाबाईचेही डोळे काळेच. मोतीबिंदूमुळे सहा महिन्यांच्या नातवाला ती हाताने चाचपूनच ओळखायची. सध्या ऑपरेशनसाठी कल्याणला लेकीकडे होती. पोराच्या डोळ्यांचा विषय तिच्यासमोर काढायचा नाही, अशी बाळारामची सगळ्यांना तंबी होती.

"आमच्यात कोन घारा न्हाय."

"फोटोवरून आतलं कळत नाही, काका!"

पण काका उठला होता.

राहनाळच्या गोदामात देवेश सुपरवायझर होता. डोळे घारे. लग्नाआधी रुचिका तिथेच कामाला होती. बाळारामला आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ट्रकमधून माल उतरत असताना, त्याने कोयत्याचा पहिला वार देवेशच्या खांद्यावर केला. देवेश खोक्यांवर कोसळला. "दादा, काय झालं सांगा तरी!" म्हणत त्याने हात पुढे केला. दुसऱ्या वाराने तो हात तुटला. हमाल पळाले. तिसरा वार मानेवर बसला आणि घारे डोळे उघडेच राहिले. बाळारामला हायसं वाटलं, खोटं कशाला बोला.

तसाच वळून तो घरी आला. दिशाने त्याच्या हातातला कोयता पाहिला आणि बाळाला उचलून ती बाहेर धावली. त्याने रुचिकाला केसांना धरून फोटोखाली आपटलं.

"माज्या बापासमोर बोल. पोरगा कोनाचा हाय?"

"तुमचाच," रुचिका रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाली.

त्याने कोयता उचलला. इतक्यात दारात रिक्षा थांबली आणि ओटीवरून पुतळाबाईचा हर्षाने फुटलेला आवाज आला.

"अगो दिशा, थांब, बगू दे मना! याच्या आज्याचेच डोले गो, असेच घारे! फोटोत मेले पांढरे दिसायचे, म्हनून मीच फोटोवाल्याकडून काले रंगवून घेतले."