सगळ्यांचे फोन हिरवे

“आजही पिवळाच का, सिस्टर?” मनूच्या आईने विचारलं. विचारलं कसलं, सगळ्यांदेखत हजेरीच घेतली.

पाळणाघराच्या दारात आईबाप मुलांना कडेवर घेऊन खोळंबले होते. सिस्टर म्हणजे ठमीची आई. हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिने पुढे धरलेल्या फोनवर साथीचं ॲप उघडं होतं आणि त्यातला गोल पिवळाजर्द होता.

“वॉर्डात तापाचेच पेशंट आहेत. पिवळा होणारच,” सिस्टर म्हणाली. “ठमीला काही नाहीये. रोजच्यासारखी बाहेरच्या खोलीत बसेल.”

“टिल्लूलाही काही नव्हतं.”

दारातली कुजबुज थांबली. टिल्लू पाळणाघरातला सगळ्यात धाकटा. परवापासून तो ऑक्सिजनवर होता.

ॲप आणलं होतं मनूच्या आईनेच. मनू दिवस भरायच्या आत जन्मलेला, छातीने नाजूक. साधी सर्दी झाली तरी त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात आणि हिचा जीव टांगणीला लागे. साथ सुरू झाली तेव्हा तिने हट्टच धरला. आजारी माणसाच्या जवळून गेलात की ॲपचा गोल आपोआप पिवळा होतो, घरातच कुणाला ताप आला तर लाल. पाळणाघर चालवणाऱ्या मावशींना रोज सकाळी दारात गोल दाखवायचा. हिरवा आत, पिवळा बाहेरच्या खोलीत, लाल घरी.

आधी कुणी दाद देईना. “आमच्या घरात कोण खोकतंय याची दवंडी कशाला?” म्हणून टिल्लूच्या बाबांनी तर उडवूनच लावलं होतं. मग तिने ॲपमध्ये शोधून शोधून नाव लपवायची सोय काढली. नाव नाही, नंबर नाही, नुसता रंग आणि तारीख. आणि काय आश्चर्य, आठवड्याभरात सगळ्यांनी मुकाट्याने ॲप घेतलं. सिस्टर सोडली तर रोज सगळे फोन हिरवेगार. मनूची आई स्वतः त्या हिरव्यासाठी लिफ्ट टाळायची, ऑफिसात डबा एकटी खायची. “लोकांना नीट समजावलं ना, की पटतं,” ती नवऱ्याला म्हणाली होती. तो “हं” म्हणाला होता.

“मावशी, मी स्पष्टच सांगते,” आता ती म्हणाली. “एक तर ठमी येईल, नाहीतर मनू.”

मावशी चष्मा पुसू लागल्या. चांगला स्वच्छ होता तो. “सिस्टर, थोडे दिवस घरीच ठेवता का तिला? चार जणांचं ऐकावं लागतं हो मला.”

सिस्टरने रांगेतल्या एकेकाकडे पाहिलं. कुणी मुलाची टोपी सारखी करत होतं, कुणी बुटाची लेस बांधत होतं. ठमीच्या खांद्यावरची पिशवी तिने स्वतःच्या खांद्याला अडकवली.

“चला ठमाबाई, आज सुट्टी.”

“पण मला मनूशी खेळायचंय!” ठमीने भोकाड पसरलं. रस्त्याच्या वळणापर्यंत ते ऐकू येत राहिलं.

मनूच्या आईला हायसं वाटलं. ती स्कूटरपाशी आली. नवरा इतका वेळ तिथेच हेल्मेटचा पट्टा सोडत उभा होता. “धर जरा,” म्हणून त्याने आपला फोन तिच्या हातात दिला आणि मनूला उतरवायला वाकला. तेवढ्यात फोन थरथरला. कुठल्याशा ग्रुपवर छोटीच्या बाबांचा निरोप होता.

‘मनूचे बाबा, आजचा फोटो हललाय हो. परत टाका ना पटकन. रांगेतच आहे.’

तिने मान वर केली. रांगेत छोटीचे बाबा आपल्या फोनकडे डोळे लावून उभे होते.

तिने बोटाने वर सरकवलं. कालचा हिरवा गोल. परवाचा. त्याच्या आधीचा. प्रत्येकाखाली अंगठे, जोडलेले हात, ‘वाचवलंत’. आणि प्रत्येक गोलाच्या कडेला केसाएवढी चीर. मनूने आपटलेल्या, तिच्याच फोनच्या काचेवरची.

“हे माझ्या फोनचे फोटो आहेत.”

“अगं, हळू.”

“हे सगळे रोज माझाच हिरवा दाखवतात?”

“कुणी ॲप घ्यायलाच तयार नव्हतं,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “एकेक जण मूल काढून घ्यायला निघालेला. पाळणाघर बंद पडलं असतं. मग तुझ्या नोकरीचं काय? मी म्हटलं, ॲप तेवढं घ्या, रंगाचं मी बघतो. तुझंही मन राहिलं, त्यांचीही अडचण गेली.”

“टिल्लूचे बाबापण?”

“सगळेच. मावशींसकट.”

त्याच्या कडेवरून मनू तिच्याकडे झेपावला. तिच्या खांद्यावर मान टाकून तो खोकला. एकदाच. तिने तळहाताने त्याची पाठ झाकून घेतली.

“मग सिस्टरलाच का नाही घेतलंत तुमच्यात?”

त्याने हेल्मेट स्कूटरच्या आरशाला अडकवलं.

“तिलाच आधी विचारलं होतं गं. म्हणाली, मनूची छाती नाजूक आहे, मला नको.”