लाल पट्टीचा मान

जीप उलटली तेव्हा आत माझा नवरा आणि थोरले दीर, दोघंही होते. दवाखान्याच्या दारातच नर्सने तपासून मनगटांवर पट्ट्या बांधल्या. दिरांना लाल, म्हणजे आधी. ह्यांना हिरवी, म्हणजे थांबा. लाल पट्टीमागे चार डॉक्टर धावले, आम्हाला बाकडं दाखवलं.

"घरात मोठी खोली त्यांना, गॅलरी त्यांना, आता डॉक्टरही त्यांनाच," मी धुसफुसले.

"हळू बोल, वहिनी दारातच आहे," हे कण्हत म्हणाले.

"ऐकू दे. बावीस वर्षं हेच बघतेय मी."

तासाभराने जाऊबाई बाहेर आल्या. हातात दिरांचं घड्याळ आणि कात्रीने कापलेला शर्ट होता.



ह्यांच्या मनगटावरच्या हिरव्या पट्टीकडे नुसत्या बघत राहिल्या.