माझी मी

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सुनेने धीर करून सांगून टाकलं, "आई, माझा प्रार्थनेवर विश्वास नाही. रोज सकाळी तुमच्याबरोबर बसले नाही तर चालेल?"

सासूबाई बाहेरच्या खोलीत जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "ती येणार नाही."

प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसलेले सासरे जरा घुटमळले. "बरं. बळजबरीने बसवून काय उपयोग? तू ये."

"मीही नाही येत."

"आता तुला काय झालं?"

"तिने विचारलं तरी. मला पस्तीस वर्षांत विचारायचंही सुचलं नाही."

त्या दिवशी सासरे एकटेच वाचत बसले. पुढचे आठ-दहा दिवस सासूबाई त्या वेळी सुनेबरोबर गप्पा मारत निवांत चहा प्यायल्या.

मग एका सकाळी चहा अर्धाच ठेवून त्या उठल्या आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन बसल्या. सासरे वाचता वाचता थांबले. हळूच म्हणाले, "का गं, सूनबाईशी वाजलं का?"

"छे हो! आज माझी मी आलेय. वाचा तुम्ही."