जवळची शेजारीण

दीर्घिकांची अचूक अंतरं दुपारी हाती आली, तेव्हा घर नुसतं दणाणत होतं. दोन्ही नणंदा लेकरांसह आल्या होत्या, पत्त्यांचा डाव रंगला होता, आणि जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा अडवून सून लॅपटॉपपुढे बसली होती. दीर्घिकांची, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या त्या समूहांची, केंद्रं हा तिचा अभ्यास. दाट गर्दीत दीर्घिका एकमेकींजवळून भरधाव निघून जातात, वायू हिरावला जातो, मधलं कृष्णविवर उपाशी राहतं आणि केंद्र मंद होतं, असं तिचं म्हणणं. पण दुर्बिणीतून घेतलेल्या तिच्याच चित्रात ऐन गर्दीत काही केंद्रं लखलखत होती. ती खरोखर तिथलीच निघाली, तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

तिने आकडे पाहिले. पुन्हा पाहिले. मग खुर्चीतल्या खुर्चीत हसली.

कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. नवरा हुकमाच्या पानात बुडालेला, नणंदा भांडणात. मोकळे होते ते फक्त सासरे. एके काळचे इंजिन ड्रायव्हर, हॉलच्या मधोमध खुर्चीत. नातवंडं ‘आजोबा!’ म्हणून गुडघ्याला हात लावत आणि पुढे पळत. "एवढं गोकुळ भरलंय, आणि हे तोंडात मिठाची गुळणी धरून," असं सासूबाई सकाळीच म्हणाल्या होत्या. ते ऐकून तिलाही वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटून ती कामाला लागली होती.

लॅपटॉप उचलून, स्टूल ओढून ती त्यांच्या शेजारी बसली. "बाबा, हे बघा ना."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हे ठिपके गर्दीतले वाटतात ना? ते गर्दीच्या कितीतरी मागे आहेत. एका रेषेत दिसले, म्हणून मी फसले."

सासऱ्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "मग त्यांच्याजवळ कोण आहे?"

"प्रत्येकाजवळ एकच शेजारीण दीर्घिका. सावकाश जाणारी. तिच्या ओढीनंच आतला वायू ढवळतो आणि केंद्र पेटतं."

"असं होय!" ते पुढे सरसावले. "अगं, सिग्नलचा दिवाही असाच फसवायचा. दुसऱ्या रुळाचा, पण अगदी आपलाच वाटायचा! एकदा काय झालं, धुकं असं की समोरचं काही दिसेना, आणि माझा जोडीदार म्हणतो..."

गोष्ट निघाली. हात हवेत फिरू लागले, शिट्टी वाजली, ब्रेक करकचून लागला. लॅपटॉपचा पडदा कधीच विझला होता. तिने तो मिटून बाजूला ठेवला आणि स्टूल आणखी जवळ ओढलं.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आलंय गं बाहेर, एवढं बोलतंय? चहा वाढवू का?"