घर विकणे नाही

'मिस अर्नेस्टीन, तुमचं लॉरेल स्ट्रीटवरचं पिवळं घर आम्ही रोखीनं घेऊ. दुरुस्ती नको, दलाल नको. कळवा. – ब्रँडन.'

लेम्युअल टेटनं न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या तो संदेश वाचला आणि दोन बोटांनी उत्तर ठोकलं : 'घर विकायचं नाही.'

"आला का तुझ्या अर्नेस्टीनच्या नावचा निरोप?" त्याच्या मानेवर वस्तरा फिरवत क्लिओफसनं विचारलं. "अरे, त्या बाईची नि तुझी ओळख ना पाळख. आणि तिच्या घराचा राखणदार होऊन बसलायस!"

"हा नंबर आधी तिचा होता. मी नवा फोन घेतला तेव्हा माझ्या गळ्यात पडला. या लोकांच्या यादीत अजून तिचंच नाव आहे."

"मग सांग ना, चुकीचा नंबर म्हणून."

"म्हणजे ते तिचा खरा नंबर शोधून काढतील आणि तिचा जीव खातील. त्यापेक्षा माझ्यावरच भुंकू देत."

क्लिओफसनं वस्तरा पुसला. त्याला सगळं ठाऊक होतं. लेम्युअलची बायको बर्नडीन गेली आणि दुसऱ्याच महिन्यात असाच एक फोन आला. ज्या घरात उभा संसार झाला, ते लेम्युअलनं एका दुपारी विकून टाकलं. दुःखात माणसाला काय कळतं? घेणाऱ्यानं घराला राखाडी रंग फासला आणि बर्नडीनचं अंजिराचं झाड बुडापासून तोडलं. तेव्हापासून लेम्युअल भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता, आणि मेम्फिसमधल्या त्या एका रस्त्यानं जाणं टाळत होता. आपलं घर तर आपण घालवलं. निदान या बाईचं जाऊ द्यायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

ब्रँडन मात्र चिवट निघाला. दर आठवड्याला त्याचा निरोप यायचा. 'मिस अर्नेस्टीन, साठ हजार डॉलर?' लेम्युअल लिहायचा, 'एवढ्यात माझं परसदारही येणार नाही.' ब्रँडन ऐंशीवर आला. लेम्युअलनं लिहिलं, 'तुझ्या आईचं घर किती वर्षांचं आहे रे पोरा? आधी ते विक.' यावर ब्रँडननं हसरा चेहरा पाठवला. पोरगा तसा वाईट नव्हता.

एवढी भांडणं ज्या घरासाठी चालली आहेत ते एकदा बघावं तरी, म्हणून एका सकाळी लेम्युअलनं गाडी लॉरेल स्ट्रीटला वळवली. गल्लीतली निम्मी घरं राखाडी झालेली, काही रिकामी. मधोमध हे एक पिवळं घर. पायऱ्यांना ताजा रंग, अंगणातलं गवत नीट कापलेलं. ओसरीवर एक बाई बसलेल्या. इस्त्रीचे कपडे, डोक्यावर चर्चला घालतात तशी टोपी. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक गाडीला त्या हात करत होत्या. त्यांनी लेम्युअललाही केला.

घरावर किती हा जीव, असं वाटून त्याला भरून आलं. आणि खोटं कशाला बोला, बाईही त्याला आवडल्या. मग काही ना काही निमित्त काढून तो त्या रस्त्यानं जाऊ लागला. गाडी हळू करायचा, हात करायचा, पण थांबायचा धीर व्हायचा नाही.

आणि एक दिवस ब्रँडननं शेवटचा आकडा टाकला : 'एक लाख दहा हजार. यापुढं मला जाता येणार नाही.'

लेम्युअलचा हात थबकला. पैसा काही थोडाथोडका नव्हता, आणि आपला तर मुळीच नव्हता. पण डोळ्यांपुढं ते तोडलेलं अंजिराचं झाड आलं. त्यानं लिहिलं, 'मी मेले तरी घर विकणार नाही. पुन्हा विचारू नकोस. तुझ्या धंद्यातल्या सगळ्यांना सांग.'

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'समजलं, मिस अर्नेस्टीन. तुमचं नाव काढून टाकतो, बाकीच्यांनाही सांगतो. तब्येतीला जपा.'

त्या रात्री लेम्युअलला गाढ झोप लागली. दोन दिवसांनी, रविवारी, त्यानं कडक इस्त्रीचा सूट चढवला, रताळ्याचा केक विकत घेतला आणि गाडी थेट पिवळ्या घरासमोर उभी केली.

"या, या!" बाई लगबगीनं उठल्या. "किती दिवस नुसती गाडी हळू करून जाताय. मी म्हणतच होते, एक ना एक दिवस हा माणूस थांबणार. घर बघायला आलात ना?"

"छे, छे! मी असेपर्यंत तुमच्या घराकडं कुणी वाकड्या नजरेनं बघणार नाही."

बाईंचा चेहरा पडला. किती धास्तावलीय बिचारी, असं लेम्युअलच्या मनात आलं. त्यांनी थंड चहा आणला, केक कापला. आता सगळं सांगून टाकावं, म्हणून तो खुर्चीत पुढं सरकला.

"हे रोखवाले तुम्हाला फार छळत असतील, नाही?"

"छळतात कसले!" बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "गल्लीत सगळ्यांना त्यांचे फोन आले. समोरची विल्मा तर विकून मोकळी झाली. माझी बहीण तिकडं सव्हाना गावात अंथरुणाला खिळलीय, 'माझे डोळे मिटायच्या आत ये' म्हणून रडते. छप्पर गळतं, म्हणून दलाल या घराला हात लावत नाहीत. घेतील तर हे रोखवालेच. पायऱ्या रंगवल्या, रोज नटून इथं बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला हात करते. पण दोन वर्षांत मला एक फोन नाही हो!"

लेम्युअलचा घास तोंडातच राहिला.

"शेवटी काल लाज गुंडाळून ठेवली. खांबावरच्या 'घरं रोखीनं घेतो' या पाटीवर नंबर होता, त्या ब्रँडनला मीच फोन लावला. तर मला काय म्हणतो माहितेय? 'बाई, थट्टा पुरे. मिस अर्नेस्टीनना मी चांगला ओळखतो. त्या मेल्या तरी घर विकायच्या नाहीत.'"