आठ दिवसांची गाठ

"अगं, काखेत अवधाण आल्यासारखी गाठ आलीय. जाईना ती," सासूबाई म्हणाल्या, तेव्हा सून टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होती आणि डाव्या हाताने मांडीवरच्या मुलीची मान चाचपत होती. मुलीला सर्दी झाली की कानामागे वाटाण्याएवढ्या दोन गाठी यायच्या. ती त्यांचं माप रोज वहीत लिहून ठेवायची. नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवून शिकवून बोटांना तेवढी अक्कल आली होती.

"तुमचं बोट कापलं होतं ना सुरीने? मग येणारच," मान वर न करता ती म्हणाली. "जखमेतले जंतू लसिकेतून, म्हणजे अंगात फिरणाऱ्या पाण्यासारख्या रसातून, वाहत वाहत काखेत येतात. तिथे चौकी असते, आई. पांढऱ्या पेशी त्यांना तिथेच अडवून बडवतात. गाठ सुजली म्हणजे बंदोबस्त चोख आहे असं समजा."

"असं होय!" सासूबाई खूश. दुसऱ्या दिवशी शेजारणीला त्यांनी जिन्यातच गाठून ते सगळं ऐकवलं, चौकीसकट. गाठीचा विषय पुन्हा काढला नाही.

आज सकाळी नातीला टबातून उचलताना त्यांचा डावा हात अर्ध्यावरच थांबला. सुनेने काखेत बोटं घातली आणि टॉवेल तसाच टाकून रिक्षा बोलावली.

आता सर्जनच्या दाराबाहेरच्या लहानशा खोलीत नर्स फॉर्म भरत होती. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी सुनेच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची. बाईंना बघून ती आधी ताडकन उभी राहिली, मग स्वतःच हसली. "सवय जात नाही, मॅडम."

"गाठ कधीपासून आहे, आजी?"

"झाले असतील आठ दिवस," सासूबाई म्हणाल्या. पापणीसुद्धा लवली नाही. नातीचा निसटलेला मोजा चढवण्यात त्या गुंतल्या होत्या.

नर्सने लिहिलं. मग काख तपासली. "दुखते?"

"छे गं. दुखली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं मी."

नर्सची बोटं एका जागी थांबली. तिने गाठ हलवून पाहिली. गाठ हलली नाही. तिने बाईंकडे न बघता पुन्हा विचारलं, "नक्की आठच दिवस ना, आजी? आठ असतील तर डॉक्टर गोळ्या देऊन दोन आठवड्यांनी बोलावतील. जुनी असेल तर आजच सुई घालून तपासायला घेतील."

"आठच. गोळ्या दे म्हणावं त्यांना. हिला दोनला तास आहे."

सुनेने मनात महिने मोजले. त्या उत्तरपत्रिकांचा निकाल लागून गेला होता, पुढच्या परीक्षेचं वेळापत्रकही फळ्यावर लागलं होतं. गाठ म्हटलं की पहिला प्रश्न 'कधीपासून', यावर ती दरवर्षी अख्खा तास घ्यायची. ज्या मुली तो प्रश्न लिहायला विसरायच्या, त्यांचे दोन गुण कापायची. सासूबाई गाठीचं बोलल्या तेव्हाही कापले असतील, त्याच गठ्ठ्यात. आणि समोर उभं राहून सांगणाऱ्या सासूबाईंना तिने तो प्रश्न विचारला नव्हता.

आता गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. सासूबाईंच्या तोंडून तर नाहीच नाही. फक्त दोन आठवडे आणखी जातील.

"चार महिने," ती म्हणाली.

"अगं, गप की! काही लिहू नकोस गं पोरी. हिला झोप नाही धड, त्या मुलीपायी. काय आठवतंय हिला!"

"चार महिने झाले, आई. तुम्ही सांगितलंत त्याला चार महिने झाले. त्याच्या आधी किती दिवस होती ते मी विचारलंच नाही."

नर्सने आठच्या आकड्यावर रेघ मारली, शेजारी 'चार महिने' लिहिलं आणि फॉर्मवरचा पुढचा प्रश्न वाचला. "याआधी कुणाला दाखवली होती?"

"नाही बाई. कुणाला नाही."

"मला," ती म्हणाली.

पेन कागदावर टेकून राहिलं. "काय लिहू, मॅडम?"

"लिही. सुनेला. शरीरशास्त्र शिकवते."

नर्सने लिहिलं. जागा कमी होती, तिने अक्षर बारीक केलं.

दार उघडलं आणि आतून हाक आली. सासूबाईंनी नात सुनेच्या मांडीवर दिली, पदर सारखा केला आणि वाकून तिच्या कानाशी पुटपुटल्या, "परक्या पोरीसमोर स्वतःची एवढी शोभा करून घ्यायची काही गरज होती का?" मग उजव्या हाताने दार ढकलून त्या आत गेल्या. तिने मुलीला छातीशी धरलं. मुलीच्या मानेकडे गेलेला हात तिने मागे घेतला.

सुईच्या तपासणीचा निकाल सोमवारी कळेल. तोवर तिच्या हातात काही नाही, तुमच्या आहे. तुमच्याही घरात कुणीतरी, तुम्ही कामात असताना, एकदा काहीतरी बोलून गेलं असेल आणि पुन्हा बोललं नसेल. त्यांना नुसतं विचारू नका, 'काही नाही' म्हणतील. वरच्या फळीवरचा एखादा डबा काढून द्यायला सांगा, आणि हात कुठपर्यंत जातो ते बघा.