वाढणारीचा खांदा

“ओटीपी मिळणार नाही!” असं ठणकावून भानुमतीबाईंनी तिसऱ्यांदा फोन ठेवला.

रेवतीने ओटीपी मागितलाच नव्हता. तिने फक्त अभिनंदन केलं होतं.

नोएडातल्या एका छोट्या कलासंस्थेत रेवती काम करायची. ज्यांना कधी आर्ट कॉलेजची पायरी चढायला मिळाली नाही, अशा बारा चित्रकारांना संस्था यंदा हाताशी धरणार होती. प्रत्येकाला वर्षभर एक मुरलेला चित्रकार मार्गदर्शक, काम करायला जागा आणि शेवटी प्रदर्शन. सगळं फुकट. अकरा जणांच्या सह्या झाल्या होत्या. बारावं नाव भानुमतीबाईंचं. त्या नावासाठी रेवती निवड समितीशी दोन तास भांडली होती. आज तीनच्या आत सही आली नाही, तर ती जागा विश्वस्तांच्या भाच्याला जाणार होती. भाच्याची दोन प्रदर्शनं आधीच झाली होती. दोन्हींचं उद्घाटन विश्वस्तांनीच केलं होतं.

रेवतीने फाइल उचलली आणि मेट्रोने थेट दिल्लीतलं करोलबाग गाठलं.

भानुमतीबाई तिथे मराठी मुलांची मेस चालवत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंचवीसेक मुलंमुली दोन्ही वेळा त्यांच्याकडे जेवत. कंटाळून गावी परतणारी मुलं भिंतीवरचे मोठमोठे नकाशे मागे टाकून जात. बाई त्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढत. वैभवी नावाच्या मुलीने गावी जाता जाता त्या चित्रांचे फोटो काढले, संस्थेचा अर्ज भरून टाकला आणि बाईंना सांगायचं मात्र विसरून गेली.

“काकू, त्या फोनवाल्या चक्क घरी आल्यात!” दारातून आवाज गेला.

जेवणं चालू होती. ताटं तशीच राहिली आणि चौकशी बसली. चौथ्यांदा परीक्षा देणारा नचिकेत आपोआप अध्यक्ष झाला.

“तुमच्या संस्थेची नोंदणी कोणत्या कायद्याखाली?”

रेवतीने सांगितलं.

“त्या कायद्याचं विसावं कलम काय म्हणतं?”

“मला नाही माहीत.”

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. सापडली!

रेवतीने ओळखपत्र दाखवलं. असली ओळखपत्रं कोपऱ्यावरच्या दुकानात छापून मिळतात, असं ठरलं. तिने ऑफिसला फोन लावून दिला. पलीकडे हिचाच साथीदार बसलाय, असं ठरलं.

“बदल्यात तुम्हाला काय हवंय?” भानुमतीबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“काहीच नाही.”

“बघा काकू,” नचिकेत म्हणाला, “फ्रॉडचं पहिलं लक्षण.”

बाईंनी गॅसच्या वरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. सोनेरी चौकटीत एक सन्मानपत्र टांगलेलं होतं. आंतरराष्ट्रीय कलारत्न, श्री. भानुप्रताप यांस. “गेल्या वर्षी असाच एक फोन आला होता, मॅडम. म्हणाला, बाई, तुमच्या बोटांत सरस्वती आहे. फी घेतली आणि हे पाठवून दिलं. नाव तरी धड घालायचं! रोज डोळ्यांसमोर असावं म्हणून मुद्दाम लावलंय.”

“पण तुमची चित्रं खरंच विलक्षण आहेत हो,” रेवती कळवळून म्हणाली.

“तोही हेच म्हणाला होता.”

दोन वाजून गेले. रेवतीला भूक लागली होती आणि जेवायला कोणी विचारत नव्हतं. तिने फाइल बंद केली. समोरच बाईंचं सगळ्यात मोठं चित्र होतं. या मेसमधलीच पंगत. कुणाच्या मांडीवर पुस्तक, कुणी घास हातात धरून पेंगतोय, एक मुलगी फोनवर घरच्यांशी खोटं खोटं हसतेय. मधोमध पोळ्या वाढणारी बाई. महिनाभर रेवती हे चित्र फोटोत बघत आली होती. आज समोर बघताना तिचा तोलच सुटला.

“ठीक आहे, जाते मी. पण एक सांगूनच जाते. तुमची ही वाढणारी बाई साफ चुकलीये! पंगतीतलं एकेक पोर तुम्ही निरखून काढलंय. आणि ही? कॅलेंडरवरून उचलून आणल्यासारखी उभी आहे. पंचवीस जणांना रोज वाकून वाकून वाढणाऱ्या बाईचा खांदा असा ताठ राहतो का? सगळ्यांकडे बघितलंत तुम्ही. हिच्याकडे कधी बघितलंच नाहीत.”



“आता अपमानसुद्धा!” नचिकेत उसळला. “चलो मॅडम, निघा तुम्ही.”

“तू गप रे.”

भानुमतीबाईंनी पोळ्यांची टोपली उचलली. नचिकेतच्या ताटावर वाकल्या आणि तशाच थांबल्या. मान वळवून त्यांनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग पुन्हा खांद्याकडे. एका हाताने तो चाचपून बघितला. या गडबडीत नचिकेतच्या ताटात तीन पोळ्या जास्त पडल्या.

“हे असं मला कोणीतरी नेहमी सांगणार?” त्यांनी विचारलं.

“दर पंधरा दिवसांनी. तुमच्यासाठी अलकनंदाबाईंना नेमलंय. त्या माझ्यासारख्या मवाळ नाहीत. रडवतात.”

“वर्षभर?”

“वर्षभर.”

बाईंनी पदराला हात पुसले. “कुठे करायची सही?”

“काकू!” नचिकेत ताटावरून उठलाच. “अहो, या खऱ्या कशावरून?”

“अरे वेड्या,” पेन हातात घेत भानुमतीबाई म्हणाल्या, “फसवायला आलेला माणूस कधी चूक दाखवतो का?”